साफ केलेले मासे

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला. शेजाऱ्यांनी नवा कुत्रा आणलाय. तो टपालवाल्यावर तुटून पडतो आणि अनोळखी माणूस दिसला की शेपूट हलवतो. तुझं पत्रही त्याने थोडं चावलंय, पण मजकूर शाबूत आहे.

पाकिटावरचं तुझं अक्षर बघितलं आणि मला काय आठवलं सांगू? आपले शाळेचे बूट. रविवारी संध्याकाळी मागच्या जिन्यावर बसून आपण दोघी ते कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो. ओला खडू आणि बाबांच्या जुन्या बनियनचा तुकडा. तू फक्त पुढचा भाग रंगवायचीस. "टाचा कोण बघतंय? मी काय उलटी चालणारेय?" म्हणायचीस आणि खडू टाकून खेळायला पळायचीस. मग मी तुझ्या टाचा पांढऱ्या करायची. सोमवारी सकाळी नन रांगेतून फिरायच्या, आपल्या दोघींच्या पायांपाशी थांबायच्या आणि नुसती मान हलवायच्या. ती मान मला आठवडाभर पुरायची. तुला वाटायचं, नन टाचा बघतच नाहीत. मी कधी तुझा गैरसमज दूर केला नाही.

अकरा वर्षांनी पत्र लिहिलंस आणि तेही जेमतेम एका पानाचं. वर मायना "महोदया". सहावीत असताना अर्जाचे मायने मीच तुला शिकवले होते. ते माझ्यावर असे उलटतील असं वाटलं नव्हतं. असो. "म" मात्र छान काढलायस.

तू लिहितेस, शिंकताना बरगडी मोडली. शिंकताना! लहानपणी तू शिंकलीस की आई म्हणायची, छप्पर धरा रे कुणीतरी. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरने हाडांचा फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, मासे कुठले खाता? तू सांगितलंस, आमच्याच खाचरातले, भाताच्या पाण्यात वाढलेले, तीस वर्षं, रोज. त्याचं म्हणणं, वरच्या अंगाच्या धातू गाळायच्या कारखान्याचं पाणी पाटातून खाचरात उतरतं आणि शिसं, कॅडमियम माशांत साठत जातं. त्याने मासे तपासायला पाठवलेत, पण निकालाला दोन महिने लागणार. तोवर गावात त्याचं कुणी ऐकत नाही. कारण गावच्या सोसायटीच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, माझा कागद लावलेला आहे. "खाचरातील मासे खाण्यास योग्य." खाली माझी सही.

आणि तुझ्या लेकीचं बाळ वीस तारखेला सहा महिन्यांचं होतंय. त्याला वरचं अन्न सुरू करायचं. मऊ भात आणि त्यात कुस्करलेले मासे. लेक म्हणते, मावशीचा कागद आहे ना, मग डॉक्टरला काय कळतंय? तू मला विचारतेस, द्यायचे की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळव. खाली दवाखान्याचा फोन नंबरसुद्धा दिलायस, माझे पोस्टाचे दिवस वाचावेत म्हणून.

कळवते. पण नीट कळवते. असल्या गोष्टी एका शब्दात कळवून चालत नाही. हे आता पेन्सिलने लिहितेय. नंतर शाईने पक्कं करून पाठवीन. तुला माझी सवय माहीतच आहे.

१७ ऑक्टोबर

धाकटे, आधी तुला हे कळायला हवं, की तो कागद मी उगाच दिला नव्हता.

आमच्या सरकारी प्रयोगशाळेत बावीस माणसं होती आणि मासे आले की सगळी माझ्याकडे ढकलायची. वास हाताला दोन दिवस राहतो. नियम असा, की नमुन्याचा "खाण्याजोगा भाग" घ्यायचा. डोकं, खवले, कल्ले, आतडी, काटे सगळं काढायचं, उरलेलं मांस तीनदा धुवायचं, वाळवायचं, भट्टीत त्याची राख करायची आणि राखेत धातू किती आहे ते मोजायचं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातभर मासा असणार. तुमच्या गावाहून बरणीतून आलेले मासे माझ्या करंगळीएवढे होते.

दुसऱ्या कुणी ते परत पाठवले असते. मी घरून नखं कापायची वाकडी कात्री नेली. एका माशाला नऊ-दहा मिनिटं लागायची. डोकं उडवायचं, पोट उसवायचं, आतला काळा दोरा चिमट्याने ओढून काढायचा, काटा सुईने सोडवायचा. शंभर मासे झाले की जेमतेम दोन चमचे मांस. पांढरंशुभ्र, फुलाच्या पाकळ्यांसारखं. आमचा भट्टीवाला म्हणायचा, "बाई, एवढ्या वेळात माशाला स्वेटर विणून झाला असता." साहेबांनी मुद्दाम पाहुण्यांना आणून माझं टेबल दाखवलं होतं. ते म्हणाले, स्वच्छता शिकावी तर हिच्याकडून.

शिसं मर्यादेच्या निम्मं आलं. कॅडमियम त्याहून कमी. मी तीनदा तपासलं.

तेव्हा त्या कागदावरचा प्रत्येक आकडा खरा होता. हे मी तुला शपथेवर सांगू शकते. तू पत्रात विचारलंयस, "खरोखर तपासले होतेस का?" त्या "खरोखर"ने मला फार लागलं. मी आयुष्यात न तपासता सही केलेली नाही.

आज एवढंच. हात दुखतोय.

२१ ऑक्टोबर

काल वीस तारीख होती. मला माहीत होतं.

पहिल्या दोन तारखांची पानं शाईने उतरवून काढत होते. दुसऱ्या पानावर "कॅडमियम"पाशी डाग पडला, म्हणून ते पुन्हा लिहिलं. मग समास सारखा दिसेना, म्हणून पहिलंही पुन्हा लिहिलं. त्यात दोन दिवस गेले. परवा फोनही उचलला होता. सहा आकडे फिरवले आणि ठेवून दिला. काय बोलणार? तुझ्याशी अकरा वर्षांनी बोलायचं आणि पहिला शब्द "नाही"? आधी सगळं समजावून सांगायला हवं, असं वाटलं.

तर समजावून सांगते.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवी केमिस्ट आली होती. केस आखूड कापलेली, खो-खो हसणारी, तुमच्यासारख्याच भाताच्या गावातली. माझं मासे साफ करणं चालू असताना ती स्टूल ओढून समोर बसली.

"बाई, हे काय करताय?"

"नमुना तयार करतेय."

"तयार? अहो, तुम्ही तर त्याला उघडं केलंत! यातलं खायचं काय उरलं?"

"हे काय, मांस."

"आमच्याकडे हे असं शेपटीला धरतात आणि—" तिने तोंड उघडून दाखवलं. "अख्खा. लहान मुलांना खलात वाटून देतात."

"डोक्यासकट?"

"डोकं तर आधी! काटा टाकला की आजीचा धपाटा पाठीत. म्हणायची, अगं टवळे, काटा म्हणजे गरिबाचं दूध."

मी तिला फॉर्म दाखवला. त्यावर छापलेलं होतं, खाण्याजोगा भाग.

"मग खाणाऱ्याला विचारा ना, काय खातो ते," ती म्हणाली. "फॉर्म कधी जेवलाय का?"

भट्टीवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी नाही हसले.

ती मागे लागली नाही. बरणीत उरलेल्यांतले वीस मासे उचलले, डोक्यासकट, पोटासकट, खलात टाकले आणि वाटले. त्याचा काळपट हिरवा चिखल झाला. सगळ्या खोलीत तो वास. मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. तेव्हा हसत नव्हती. शिसं मर्यादेच्या अकरा पट. कॅडमियम सात पट. धातू सगळा मी टाकून देत होते त्यातच होता. काट्यांत, कल्ल्यांत, त्या काळ्या दोऱ्यात.

मी तिला विचारलं, खल नीट धुतला होतास का?

तिने खल माझ्यासमोर आम्लाने धुतला, आणखी वीस मासे वाटले. बुधवारी आकडे तेच आले.

रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. तिने त्यात तिच्या गिचमिड अक्षरात दोन्ही निकाल लिहिले होते, माझ्या ओळींच्या मधोमध. मी लाल शाईने शेरा मारला, "नमुना दूषित. रद्द." तरी ते पान डोळ्यांत खुपायचं. म्हणून मी ते ब्लेडने कडेला लागून कापलं आणि पुढच्या पानांचे आकडे बदलले. कुणाला कळलं नाही. मग साहेबांना तिच्याबद्दल अहवाल दिला. निष्काळजी, अस्वच्छ, नियम न पाळणारी. तिला आठवडाभरात काढून टाकलं. जाताना ती माझ्याकडे आली. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "बाई, तुमचं अक्षर मात्र फार सुंदर आहे हो."

आकडे आले बुधवारी. तू त्याच आठवड्यात, शनिवारी आली होतीस.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल, धाकटे. अजून आहे.

२४ ऑक्टोबर

त्या शनिवारची मी तुला आठवण करून देते. तुला एक बाजू माहीत आहे, मला दोन.

आईच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी आपण तिघी. तू माशांचा डबा घेऊन आली होतीस, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. झाकण उघडून माझ्यासमोर सरकवलास. तुझा गट्टू टेबलाची कड धरून उभा होता. अडीच वर्षांचा. डब्यात डोकावून त्याने विचारलं, "मावशी, हे मेलेत की झोपलेत?" आणि मग बोट लावून मोजायला लागला. एक, दोन, तीन, वीसपर्यंत न चुकता. आई म्हणाली, "अगं, हा तर तुझ्या वळणावर गेला!" तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली.

तू म्हणालीस, "ताई, मला खरं सांग. वरच्या कारखान्याचं पाणी आल्यापासून बेडूक दिसेनासे झालेत. हे म्हणतात, तुझ्या ताईला विचार, ती सांगेल तसं करू. वाईट असेल तर आम्ही जमीन सोडतो. यांना इकडे काम मिळतंय. दोन वर्षं आईकडे काढू, मग बघू कुठे जायचं ते."

आई लगेच म्हणाली, "त्यात विचारायचं काय? मागची खोली तुमचीच."

मागची खोली. धाकटे, तुला माहीत नाही, मी त्या महिन्यात ती खोली रंगवून घेतली होती. फिकट निळी. शिवणाचं मशीन खिडकीपाशी, पुस्तकं उंचीप्रमाणे, एक आरामखुर्ची. सदतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावता येईल अशी खोली मिळाली होती. लग्न झालं नाही म्हणून मी कधी रडले नाही, पण त्या खोलीचं दार लावून बसले की वाटायचं, चला, आपलंही काहीतरी झालं.

तेवढ्यात गट्टू पळत आत गेला. मी मागोमाग गेले. त्याने ओल्या हाताने भिंत धरली होती. निळ्या रंगावर पाच बोटं, माशांच्या वासाची. तो खूश होऊन म्हणाला, "मावशी, बघ, माझा हात!"

मी फडकं घेऊन भिंत पुसली. बाहेर आले, तुझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "खुशाल खा. मी स्वतः तपासलेत."

तू रडलीस. आनंदाने. माझे हात हातात घेतलेस आणि म्हणालीस, "ताई, तू आहेस म्हणून बरं." आई जरा हिरमुसली, तिला नातू घरात हवा होता. तू डबा तिथेच ठेवून गेलीस, आम्हाला म्हणून.

आई जेवायला बसली तेव्हा तिने विचारलं, "का गं, मासे कुठे गेले?" मी म्हटलं, मांजराने नेले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला, आपली पापं सांगायला, जाणाऱ्या मुलींचा मला शाळेत हेवा वाटायचा. लाकडी जाळीपलीकडे माणूस असतो, पण तो तुमच्याकडे बघत नाही. तू बघशील. म्हणून इतके दिवस लागतायत.

गट्टूबद्दल लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

पाचव्या वर्षी त्याची बोलण्याची गती मंदावली, तू कळवलंस. सातव्या वर्षी आकडे विसरायला लागला. मी तुला काय लिहिलं होतं ते तुझ्याकडे असेलच, तूही पत्रं टाकत नाहीस. मी लिहिलं, "बापावर गेला. त्या घरात पुस्तकाचं पान कुणी उलटलंय?" दर वाढदिवसाला मी त्याला चार रेघी वही पाठवायची. रोज दोन पानं. चुकलं की हातावर पट्टी. लाकडी पट्टीने काही होत नाही, पोलादी घे, हेही मीच लिहिलं होतं. तू घेतलीस. तू माझं नेहमीच ऐकायचीस. एकदा तू लिहिलंस, "आज त्याच्या बोटांतून रक्त आलं, ताई. तो म्हणतो, आई, मला माहीत होतं, पण सांडलं." मी उत्तरात त्याच्या "की"ची वेलांटी दुरुस्त करून पाठवली.

मला माहीत होतं, धाकटे. तो का विसरतो, ते जगात मला एकटीला माहीत होतं. आणि मी त्याला मार खायला लावला. तो मार खाऊन सुधारला असता, तर ते शिशामुळे नाही, असं मला स्वतःला सांगता आलं असतं.

आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांसाठी मी वही ठेवली होती. गट्टू बावीस वर्षांचा होता. जीभ बाहेर काढून, अर्धा तास, त्याने त्या वहीत लिहिलं, "आजी छान". "छ" उलटा. मी ते पान कापलं. तू दारातून बघितलंस. त्याला चप्पल घातलीस आणि निघून गेलीस. मग अकरा वर्षं काही नाही. मेहुण्यांची मूत्रपिंडं गेली, ते गेले, तेव्हा मी दोन ओळींचं कार्ड पाठवलं. छापील.

मी इथे थांबते. उद्या शाईने उतरवीन आणि पाठवीन.

२९ ऑक्टोबर

उतरवलं नाही. पेन्सिलचंच पाठवतेय. खाडाखोड तशीच आहे.

आज सकाळी तुझ्या लेकीचं पत्र आलं. तुला न सांगता पाठवलंय, असं म्हणते. आत बाळाचा फोटो. उंच खुर्चीत बसवलंय, गळ्यात फडकं, हनुवटीवर काळपट हिरवा ओघळ. तो रंग मी ओळखते. मागे लिहिलंय, ते जसंच्या तसं उतरवते.

"मावशी, आईने तुला पत्र लिहिलं होतं ना? तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून ती घाबरलीय. मी तिला म्हटलं, अगं, मावशी म्हणजे कोण? काही वाईट असतं तर तिने उभ्या उभ्या फोन केला असता. ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणून आम्ही वीस तारखेलाच सुरू केलं. बघ कसा मिटक्या मारतोय! गट्टूदादा त्याला स्वतः वाटून भरवतो. काटा राहू नये म्हणून किती बारीक वाटतो, तुला बघून बरं वाटेल. तू पाठवायचीस ते फ्रॉक मी अजून ठेवलेत. एकदा ये ना."

मी फोन लावला. या वेळी सगळे आकडे फिरवले. दवाखान्यात कुणी नर्स होती, घाईत.

"बोला."

"एक निरोप द्यायचाय. खाचरातले मासे बाळाला देऊ नका, म्हणावं. विष आहे."

"कुणाच्या बाळाला?"

मी सांगितलं.

"आणि कोण सांगतंय म्हणून सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही फक्त निरोप द्या.

"अहो बाई, इथे रोज चार जण फोन करतात. एक म्हणतो खा, एक म्हणतो खाऊ नका. डॉक्टरसाहेबांनासुद्धा परवा पाणवठ्यावर शिव्या पडल्या, आमच्या भाताचं नाव घालवतोस म्हणून. तिकडे सोसायटीच्या भिंतीवर सरकारी कागद आहे सहीचा. तुमचं नाव सांगा, नाहीतर ठेवते."

मी ठेवला.

म्हणजे माझ्या सहीने तीस वर्षं मासे खायला घातले आणि सही नसलेला माझा शब्द कुणी एका बाळाच्या तोंडापर्यंतही पोचवणार नाही. बरोबरच आहे तिचं. मीही पोचवला नसता.

कुरियरवाला खाली थांबलाय. उद्या दुपारपर्यंत पोचेल म्हणतो. पाकिटात काय काय आहे आणि कुणाला काय द्यायचं, ते लिहिते. याच क्रमाने कर.

सगळ्यात वर पोस्टकार्ड आहे, त्यावर मोठ्या अक्षरात तीन शब्द, "मासे देऊ नकोस", आणि माझी पूर्ण सही. ते लेकीला. हे पत्र पूर्ण वाचायच्या आधी. तू आत्ता हे वाचत असशील आणि कार्ड अजून दिलं नसेल, तर ऊठ.

निळ्या पाकिटात रजिस्टरचं ते कापलेलं पान आहे, गिचमिड अक्षरातलं. ते डॉक्टरला. त्याच्या हातातच दे, तोंडी सांगू नकोस. त्याला म्हणावं, आकडे एका केमिस्टचे आहेत, तिला काढून टाकलं होतं, ती बरोबर होती. तिचं नाव पानाच्या खाली आहे. ती कुठे असेल ते मला माहीत नाही. त्याने शोधावं.

लांब पाकिटात माझा जबाब आहे, वकिलासमोर सही केलेला. तो सोसायटीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवायला कुणालातरी दे. तू वाचू नकोस, तुझी बरगडी. फ्रेममधला कागद काढून हा लावा. त्या गावात आणखी किती घरांत गट्टू आहेत, ते मी कधी विचारलं नाही. ते आता मला विचारायला येतील. त्यांना माझा पत्ता दे.

लेकीला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. फ्रॉक तिने जाळले तरी मला कळवू नकोस.

गट्टूला काही द्यायचं नाही. मी बराच विचार केला. मी काहीही पाठवलं, तरी तो दोन्ही हातांनी घेईल आणि म्हणेल, मावशी छान. त्याला एकच सांग. हळू सांग, त्याला समजेल असं. तू बाळाला भरवलंस त्यात तुझी चूक नाही. आणि वहीतही तुझी चूक नव्हती. हे रोज सांगावं लागेल, कारण तो विसरेल. विसरेल हेही माझंच.

घर मी बाळाच्या नावावर केलंय. काल, फोटो यायच्या आधी. तुला वाटेल, हिला आता दानशूर व्हायचंय. तसं नाही, मला दुसरं कुणी उरलेलं नाही. वकिलाने फॉर्म भरताना विचारलं, मुलाचं वय?

मी लगेच म्हणाले, सहा महिने आणि आठ दिवस.

तो हसला. म्हणाला, बाई, दिवस नाही लागत हो, नुसते महिने सांगा. दिवस कोण मोजतं?

मी मोजत होते, धाकटे. वीस तारखेपासून एकेक.

उत्तर पाठवू नकोस. बाळाचं रक्त तपासून घे, त्याचा निकाल येईल, तेवढा मात्र आकडा कळव. माझ्यासमोर कसलाही कागद नसेल, लाल शाई नसेल. मी तो जसा आहे तसा वाचीन.

तुझ्या आईची थोरली मुलगी